रजेचं रजिस्टर तुमच्याकडे आहे : लष्करप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
माननीय लष्करप्रमुख, लष्कर मुख्यालय, नवी दिल्ली
आणि युनिटोयुनिटीचे कमांडिंग ऑफिसर

विषय : जवानांपासून विभक्त वा घटस्फोटित झालेल्या स्त्रियांच्या मुलांचं पितृत्व आणि त्या मुलांची खावटी (पोटगी)

सर, जय हिंद.

मी साताऱ्याला कोर्टात वकिली करते. आमच्याकडे फौजी नसलेलं गाव शोधावं लागतं. अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या खावटीच्या प्रकरणांत सामनेवाला बऱ्याचदा तुमचा जवान असतो, कधी जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर), क्वचित अधिकारी. नवरा एसटीत कंडक्टर असला की असं प्रकरण एका चालीनं चालतं, फौजी असला की दुसऱ्याच. कंडक्टरचा डेपो सगळ्या गावाला माहीत असतो. समन्स डेपोत जातं, पगाराचा दाखला डेपोतून येतो, हुकूम झाला की रक्कम पगारातून कापून घेता येते. फौजीच्या बाबतीत यातलं प्रत्येक पाऊल अडतं. खरं तर उलटं व्हायला हवं होतं. माणूस कोणत्या दिवशी कुठे होता, घरी कधी गेला, परत कधी हजर झाला, त्याची बायको कोण, पोरं किती, हे सगळं तुमच्याइतकं काटेकोर लिहून ठेवणारा मालक या देशात दुसरा नसेल.

हे पत्र त्या नोंदींबद्दल आहे. एक प्रकरण सांगते. नाव, गाव आणि पल्टन सांगणार नाही.

माण तालुक्यातली मुलगी. बारावी झालेली, फौजीला दिली म्हणून घरचे खूष. नवरा सुट्टीवर येईल तेवढाच संसार, बाकी अकरा महिने सासू-सासरे आणि जनावरं. दुसऱ्या वर्षी दिवस राहिले, पण तोवर सासरी बिनसलं होतं. बाळंतपणाला माहेरी आली ती परत गेलीच नाही, कोणी न्यायलाही आलं नाही. मुलगा झाला, बारशाला सासरचं माणूस फिरकलं नाही. पुढे फारकत झाली. तिनं पोरासाठी खावटी मागितली, तेव्हा सामनेवाल्याच्या म्हणण्यात एक ओळ होती आणि सगळं प्रकरण त्या ओळीवर अडकलं : गर्भधारणेच्या सुमारास सामनेवाला ईशान्य सीमेवर कर्तव्यावर हजर होता, सबब सदर मूल त्याचं नाही.

ती माझ्यासमोर बसून म्हणाली, ‘मॅडम, त्या वर्षी ते दिवाळीला आले होते की. माझ्या भावाला कँटीनचे बूट आणले होते.’ आता कोर्टात बूट दाखवून काय होणार? शेजारणीनं साक्ष दिली, उलटतपासणीत तिला दिवाळी कोणत्या वर्षाची ते नीट सांगता आलं नाही. लग्नात पोरीचे शंभर फोटो काढले होते, पण नवरा घरी आल्याचा एकही नाही. तो घरी होता की नाही, याचं उत्तर पाच मिनिटांत देणारा कागद एकाच ठिकाणी होता, त्याच्या युनिटच्या कार्यालयात. रजेचा दाखला, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, खाली सही आणि शिक्का.

कोर्टानं तो मागवला. युनिटकडून उत्तर आलं की जवानाची बदली झाली आहे, कागदपत्रं त्याच्यासोबत गेली. नव्या युनिटनं रेकॉर्ड ऑफिसकडे बोट दाखवलं. रेकॉर्ड ऑफिसला आमचं पत्र मिळालं की नाही, हेच बरेच दिवस कळेना. पोर अंगणवाडीत जायला लागलं तेव्हा कुठे त्या तारखा कोर्टासमोर आल्या. दिवाळीच्या चार दिवस आधी तो घरी पोचला होता आणि पुढे महिनाभर घरीच होता. त्यानंतर त्याच्या वकिलांनी ती ओळ पुन्हा उच्चारली नाही.

इथे कायदा थोडक्यात सांगायला हवा, कारण तुमच्या कार्यालयांतही त्याबद्दल गैरसमज आहेत. ‘मूल माझं नाही’ एवढं म्हटलं की डीएनए चाचणी होते आणि आईनं आधी पितृत्व सिद्ध करायचं असतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. लग्न कायदेशीर असेल आणि त्या लग्नाच्या काळात मूल जन्मलं, किंवा लग्न मोडल्यापासून २८० दिवसांच्या आत जन्मलं व आईनं तोवर दुसरं लग्न केलेलं नसेल, तर ते मूल त्या नवऱ्याचंच औरस मूल मानायचं, हा पुराव्याच्या कायद्याचा १८७२ पासूनचा नियम आहे. तेव्हा तो कलम ११२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये तो तसाच आला आहे. यातून बाहेर पडायची वाट एकच : मूल पोटात आलं असेल त्या काळात नवरा-बायकोला एकमेकांजवळ येण्याची संधीच नव्हती, हे नवऱ्यानं दाखवायचं. आईनं काही दाखवायचं नाही.

डीएनएचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दोन्ही अंगांनी आहेत. २०१४ मध्ये विदर्भातल्या एका जोडप्याच्या प्रकरणात चाचणीचे अहवाल आधीच हातात होते, दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी नवऱ्याचं पितृत्व नाकारलं होतं. तेव्हा न्यायालय म्हणालं की कायद्यानं गृहीत धरलेली गोष्ट एकीकडे आणि विज्ञानानं सिद्ध केलेली दुसरीकडे असेल, तर विज्ञानाचं ऐकायचं. मुलीची पुढची खावटी थांबली. मात्र आधी दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत, असंही त्याच निकालात आहे. पण २०२३ मध्ये पुण्याच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं बजावलं की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाला चाचणीच्या टेबलावर सहज चढवायचं नाही. आईवर संशय आहे, एवढ्यानं मुलाच्या रक्ताचा नमुना घेता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत केरळमधल्या प्रकरणातही तोच सूर आहे : सहवासाची संधी नव्हती हे आधी दाखवा, मग चाचणीचं बोला.

म्हणजे सगळं फिरून त्या एका प्रश्नावर येतं. तो माणूस त्या दिवसांत घरी होता का? गावातल्या इतर नवऱ्यांच्या बाबतीत या प्रश्नाला शेजारीपाजारी, मोबाईलचे मेसेज, कुठल्या तरी लग्नातला फोटो, असले पुरावे गोळा करावे लागतात. तुमच्या जवानाच्या बाबतीत उत्तर छापील आहे. वर्षाची साठ दिवसांची ॲन्युअल लीव्ह, तीस दिवसांची कॅज्युअल, त्यातली कोणती कधी घेतली, रेल्वे प्रवासाचं वॉरंट कुठून कुठपर्यंतचं, हजर कधी झाला. त्याचं कुटुंब फॅमिली क्वार्टरमध्ये सोबत राहत असेल तर क्वार्टर दिल्याची आणि सोडल्याची तारीखसुद्धा तुमच्याकडे आहे. साक्षीदार बदलतो, रजिस्टर बदलत नाही. ते सात-आठ दिवसांत कोर्टात आलं तर पितृत्वाचे निम्मे वाद पहिल्या-दुसऱ्या तारखेला संपतील, असं मी अनुभवावरून म्हणते. आणि चाचणीची पाळी आलीच, तर कोर्टाला ती कशासाठी द्यायची ते कळेल.

हे रजिस्टर फक्त बाईच्या बाजूनं बोलतं, असं मला म्हणायचं नाही. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सीमेवरच्या माणसाच्या पाठीमागे घरी काय काय शिजतं, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. खोट्या तक्रारी होतात. माहेरच्यांनी रचलेले दावे असतात. खरोखरच आठ महिने घरी न गेलेल्या जवानावर दुसऱ्याचं मूल लादलं जाऊ नये, यासाठी त्याच्याकडेही याच कागदाशिवाय दुसरा आधार नाही. हिमनदीजवळच्या चौकीत बसून तो शेजाऱ्यांच्या साक्षी कुठून काढणार? तेव्हा रजेच्या नोंदी कोर्टाला लवकर देणं हे जवानाच्या विरोधात आहे, ही समजूत कार्यालयातल्या बाबूंनी सोडून द्यावी.

पार्ट टू ऑर्डरचीही तीच कथा. लष्कराबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की युनिट त्याची अधिकृत नोंद प्रसिद्ध करतं, तिला पार्ट टू म्हणतात. ती झाली की बायको-मुलाचं नाव रेकॉर्डवर चढतं, डिपेंडंट कार्ड होतं, मिलिटरी हॉस्पिटलचं दार उघडतं. ती झाली नाही तर लष्कराच्या लेखी ते मूल जन्मलेलंच नाही. आणि ही नोंद सुरू होते ती जवानाच्या अर्जावर. नवऱ्यानं ठरवलं की अर्ज द्यायचा नाही, तर आई ग्रामपंचायतीचा जन्मदाखला घेऊन कितीही वेळा लिहो, उत्तर एकच येतं : संबंधित जवानामार्फत अर्ज करावा. लग्नाची पार्ट टू आधीच झालेली आहे, जन्मदाखल्यावर बापाचं नाव आहे, कायदा त्या मुलाला औरस मानतो, आणि तरी ज्यानं मूल नाकारलं त्याच्याच सहीवर त्याची नोंद अडलेली. याहून विचित्र नियम मी पाहिलेला नाही.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त संतापजनक आहे. पार्ट टू वेळेवर झालेली असते. मुलाचं नाव रेकॉर्डवर असतं. जवान दर वर्षी त्या नावावर शिक्षणभत्ता उचलत असतो. जानेवारी २०२४ पासून हा भत्ता एका मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे आहे. त्यासाठी शाळेचं प्रमाणपत्र लागतं. सुट्टीवर आलेला बाप गणवेशात शाळेत जातो, मुख्याध्यापक उठून उभे राहतात, चहा होतो, प्रमाणपत्र मिळतं. मूल त्या वेळी बाजूच्याच वर्गात बसलेलं असतं, त्याला भेटायची तसदी कोणी घेत नाही. भत्ता बापाच्या खात्यात, फी आईच्या शिलाईमशिनवर. आणि तोच माणूस कोर्टात लिहून देतो की मूल माझं नाही! अशा प्रकरणात भत्त्याचा दावा कोर्टापुढे आला तर पितृत्वाचा वाद एका तारखेत संपेल. पण तो क्लेमही तुमच्याच फायलीत असतो.

आता पैशाकडे येते.

आर्मी ॲक्टच्या कलम २८ नुसार तुमच्या माणसाचा पगार आणि भत्ते दिवाणी वा महसूल न्यायालयाच्या हुकमावरून जप्त करता येत नाहीत. या तरतुदीमागचं कारण मला पटतं. माणूस आघाडीवर असताना मागे सावकारानं त्याच्या पगारावर जप्ती आणू नये. पण ज्यांनी १९५० मध्ये हा कायदा लिहिला त्यांना जवानाची बायका-पोरं आणि सावकार यांतला फरक कळत होता. म्हणून त्याच कायद्यात कलम ९० आणि ९१ आहेत, पहिलं अधिकाऱ्यांसाठी, दुसरं जेसीओ आणि जवानांसाठी. दोन्हींच्या खंड (आय) मध्ये लिहिलं आहे की पत्नीच्या किंवा मुलाच्या पालनपोषणासाठी, मूल औरस असो की अनौरस, सक्षम अधिकारी पगारातून रक्कम कापण्याचा हुकूम देऊ शकतो. बाहेरच्यांसाठी बंद केलेल्या कुलपाची किल्ली कायद्यानं तुमच्याच हातात दिली आहे.

पण ती किल्ली फिरायला किती वेळ लागतो, पाहा. आईचा अर्ज कमांडिंग ऑफिसरकडे. मग जवानाला कारणे दाखवा नोटीस. त्याचं उत्तर. कमांडिंग ऑफिसरचं मत. मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आणि शेवटी कमांडच्या प्रमुखाची सही. प्रत्येक टेबलावर एक शेरा आणि प्रत्येक शेऱ्यासाठी फाईल खाली परत. यात कुठे तरी जवानानं कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकला की फाईलवर ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’ असा शिक्का बसतो आणि ती झोपते. बाई कोर्टात आली तर तिला सांगितलं जातं, पगार कापायचा तर लष्कराकडे जा. लष्कराकडे गेली तर उत्तर, कोर्टाचा हुकूम आणा. हुकूम आणला की कुठला तरी हुशार क्लार्क कलम २८ काढून दाखवतो.

मिळते ती रक्कम किती? लष्कराच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे कपातीची मर्यादा पगार व भत्त्यांच्या ३३ टक्के, त्यात पत्नीला जास्तीत जास्त २२ टक्के आणि प्रत्येक मुलाला साडेपाच. जवानांच्या बाबतीत खुद्द आर्मी ॲक्टचं कलम ९४ अशा कपातीला निम्म्या पगारापर्यंत जाऊ देतं, म्हणजे आदेशानं कायद्यापेक्षा हात आखडता घेतला आहे. फारकत झालेल्या घरात प्रश्न बऱ्याचदा एकट्या मुलाचा उरतो. नाईक हुद्द्याच्या एखाद्या जवानाचा पगार भत्त्यांसह पन्नास हजार धरला, तर त्या मुलाच्या वाट्याला जास्तीत जास्त २,७५० रुपये येतात. वर सांगितलेला शिक्षणभत्ता आठवा. सरकार ज्या मुलाच्या शाळेसाठी बापाला महिना २,८१२ रुपये ५० पैसे देतं, त्याच मुलाच्या शाळा, दूध, औषध, कपडे, सगळ्यासाठी मिळून तुमची वरची मर्यादा त्याहून कमी! ही दोन परिपत्रकं एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचलेली नाहीत, असाच याचा अर्थ होतो.

कोर्टाला तुमची टक्केवारी बांधील नाही, हे खरं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, म्हणजे जुन्या १२५ मध्ये, रकमेला कमाल मर्यादा नाही. पाचशे रुपयांची जुनी मर्यादा २००१ मध्येच गेली. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम खावटीचा निर्णय व्हावा, असंही त्यात आहे. २०२० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनी उत्पन्न व मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. कागदावर सगळं चोख आहे. पण ते साठ दिवस मोजायला सुरुवात होते नोटीस बजावल्यावर, आणि तुमच्या माणसावर नोटीस बजावणं हेच एक प्रकरण आहे. पत्ता असतो युनिटचं नाव आणि लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक, ‘केअर ऑफ ५६ एपीओ’. बेलिफ तिथे जाऊ शकत नाही, एवढं तर उघडच आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणते की सैनिकाचं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवा. फौजदारी बाजूलाही सरकारी नोकराचं समन्स कार्यालयप्रमुखामार्फत जातं. आम्ही तसंच पाठवतो. लिफाफा परत येतो, त्यावर इंग्रजीत कधी ‘रजेवर’, कधी ‘कोर्सवर’, कधी ‘बदली’. कुठे बदली, ते लिहिलेलं नसतं. सुरक्षेचं कारण असेल, मान्य. पण मग ते समन्स पुढच्या युनिटला परस्पर पाठवायची जबाबदारी तुमची ठरते, साताऱ्याच्या एका शिलाईकाम करणाऱ्या बाईची नाही.

या उशिराला दात आहेत. थकलेल्या खावटीसाठी वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नवरा सापडला नाही म्हणून बाई थांबली, तर मागचे महिने एकेक करून वॉरंटच्या हाताबाहेर जातात. आणि जवान लवकर निवृत्त होतो. सतरा-अठरा वर्षांची नोकरी झाली की तो पेन्शन, ग्रॅच्युइटी, कम्युटेशनचे (पेन्शनच्या काही भागाच्या बदल्यात मिळणारे एकरकमी) पैसे घेऊन बाहेर. कलम ९१ पगाराला लागू, म्हणजे फाईल कमांडपर्यंत पोचेतो माणूस त्या कलमाच्या बाहेर गेलेला असतो. मग हुकमाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त करा, पेन्शन जमा होणारी बँक शोधा, पुन्हा पहिल्यापासून.

पगारपत्रकाबद्दलही एक सांगते. शपथपत्राला जवान पेस्लिप जोडतो आणि हातात पडणाऱ्या रकमेकडे बोट दाखवतो. पन्नास हजारांच्या पगारात हातात बावीस हजार. वरच्या ओळी वाचल्या की कळतं, भविष्यनिधीची वर्गणी त्यानं स्वतःहून भरमसाट वाढवली आहे, आणि तारीख पाहावी तर नोटीस मिळाल्यानंतरची. वर एखादं वैयक्तिक कर्ज. भविष्यनिधीत टाकलेला पैसा त्याचाच राहतो, तो काही खर्च नव्हे, हे अनुभवी न्यायाधीश ओळखतात. पण अनेकदा आमच्यापर्यंत पेस्लिपच येत नाही. माहिती अधिकारात मागितली तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं की खावटीच्या वादात नवऱ्याच्या पगाराची माहिती बायकोपुरती निव्वळ वैयक्तिक राहत नाही. तरीही मी तो मार्ग सुचवत नाही. थेट कोर्टानं मागावं आणि थेट कोर्टाला मिळावं, एवढंच पुरे.

लग्न न झालेल्या किंवा लग्न बेकायदेशीर ठरलेल्या मुलींचं वेगळं दुखणं आहे. पहिली बायको असताना देवळात हार घालून दुसरीशी संसार थाटलेले जवान आमच्याकडेही आहेत. लष्कर अशा दुसऱ्या लग्नाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करतं, ते ठीकच. पण कारवाईच्या भीतीनं जवान मूल आणखी जोरात नाकारतो आणि भरडलं जातं ते पोर. इथे कलम ११६ चं कवच नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी आईवर येते आणि डीएनए हाच मुख्य रस्ता उरतो. कोर्टानं चाचणीचा आदेश दिल्यावरही माणूस आला नाही, तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येतं, पण तो ‘ड्युटीमुळे येऊ शकलो नाही’ म्हणतो आणि कोर्टही फौजीच्या ड्युटीपुढे नमतं घेतं. यावर साधा उपाय आहे. कोर्टाचा आदेश असेल तर रक्ताचा नमुना त्याच्या जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये घ्यावा, ओळख पटवून, सील करून थेट न्यायवैद्यक प्रयोगशाळेला पाठवावा. साताऱ्याला यायची गरज नाही, सुट्टीची गरज नाही, सबबही उरत नाही.

१९२५ चा सैनिक खटले कायदा दाखवून तारखा मागणाऱ्यांनाही एक विनंती. तो कायदा युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत असलेल्या सैनिकाला दिवाणी आणि महसूल न्यायालयात संरक्षण देतो. त्याचं प्रमाणपत्र देताना कमांडिंग ऑफिसरनं समोरचा वाद बांधाचा आहे की पोराच्या दुधाचा, एवढं तरी पाहावं. शांत ठाण्यात दोन-तीन वर्षं असलेल्या माणसालाही ‘ऑपरेशनल कारणास्तव सुट्टी देता येत नाही’ अशी चिठ्ठी मिळालेली मी पाहिली आहे. आता तर कोर्टात व्हिडिओवरून जबाब होतात.

नवा कायदा मी मागत नाही. तुमच्या अधिकारात आजच बसेल तेवढंच मागते. कोर्टानं मुलाच्या पितृत्वाच्या वा खावटीच्या प्रकरणात रजेच्या नोंदी, पार्ट टू, शिक्षणभत्त्याचे दावे आणि पगारपत्रक मागितलं, तर ते किती दिवसांत द्यायचं याची मुदत युनिटला घालून द्या. माझ्या मते तीन आठवडे भरपूर झाले. समन्स आलं आणि माणूस बदलून गेला असेल तर ते युनिटनं पुढे पाठवावं आणि पाठवल्याची पोच कोर्टाला द्यावी. लग्न रेकॉर्डवर असेल तर मुलाच्या पार्ट टूसाठी आईचा अर्ज जन्मदाखल्यासह स्वीकारा. जवानाची हरकत असेल तर त्यानं कोर्टात जावं, ओझं त्याच्यावर पडू द्या. मूल आईकडे असेल तर शिक्षणभत्ता आईच्या किंवा मुलाच्या खात्यात जमा व्हायला हवा. आणि कलम ९१ च्या अर्जात मुलाचा भाग नवरा-बायकोच्या भांडणापासून वेगळा काढा. बायको चांगली की वाईट, कोणी कोणाला सोडलं, यावर तुमच्या फायलीत पानंच्या पानं लिहिली जातात. त्यातलं एकही पान मुलाला लागू नाही. फारकतीच्या कागदावर आईनं ‘मला काही नको’ लिहून दिलं तरी मुलाचा हक्क तिला सोडता येत नाही. मग युनिटचा सुभेदार मेजर समेट घडवताना त्या पोराची खावटी कोणत्या अधिकारात ‘सेटल’ करतो?

साडेपाच टक्क्यांच्या मर्यादेचा फेरविचार तुमच्या ॲडज्युटंट जनरल शाखेनं करावा. त्यासाठी आधी शाळांच्या फीची एखादी पावती मागवून पाहा, वाटल्यास मी पाठवते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत माजी सैनिक आणि वीरपत्नींची कामं होतात, मनापासून होतात, मी पाहिलं आहे. पण हयात आणि नोकरीत असलेल्या जवानानं टाकलेली बाई तिथे गेली की कोणत्या खिडकीला उभं राहायचं, ते तिला कोणी सांगत नाही. तिथे एका माणसाला हे काम नेमून द्या आणि तुमच्या मुख्यालयातल्या एका अधिकाऱ्याचं नाव त्याला कळवा. पत्रव्यवहार कोर्टातून मी करीन. पत्ता कोणत्या टेबलाचा, तेवढं सांगा.

आपली विश्वासू,
एक वकील, सातारा